मिठाशेजारची बरणी

सोमवार, ४ मार्च. दुपारी १२ वाजून २० मिनिटे.

वेळ आधी लिहून ठेवते. शाळेत मदर सांगायच्या — तक्रार करायची तर आधी तारीख, मग तास, मग साक्षीदार. रडणं सगळ्यात शेवटी. तारीख आणि तास वर आहे. साक्षीदार मी स्वतः आणि टेबलावरचे निवृत्त पोस्टमास्तर. रडायला सवड नाही.

धाकटीच्या वृद्धनिवासातली जेवणाची खोली. दर सोमवारी मी बहिणीबरोबर तिथे जेवते. आज तिचं ताट आलं ते अगदी बरोबर होतं. मऊ भात, गाळलेलं सूप, साल काढून उकडलेला बटाटा. ताटाला पांढरं कार्ड. पांढरं कार्ड म्हणजे चोथा नको — साल नको, बी नको, कोंडा नको. जानेवारीत सर्जननं तसं स्वच्छ लिहून दिलंय. बारा वर्षांपूर्वी धाकटीच्या आतड्याचा तुकडा काढला, जिथे जोड दिला ती जागा आता आवळत आली आहे. अंगठ्याएवढी वाट होती, तिची पेन्सिलीएवढी झाली. तो कागद मीच स्वयंपाकघरात नेऊन दिला होता. स्वयंपाकघरानं पाळलाही.

मग वाढणारी बाई आली. हातात काचेची बरणी. धाकटीच्या भातावर चमचाभर तपकिरी भुगा टाकला आणि पुढच्या ताटाकडे वळली!

"थांबा. हे काय?"

"कोंडा आहे, बाई. गव्हाचा."

"हिला? हिचं कार्ड पांढरं आहे!"

"कार्ड स्वयंपाकघरासाठी असतं. हे टेबलावरचं. हे सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. मंगळवारपासून चालू आहे."

पाहिलं तर खरंच. प्रत्येक टेबलावर मिठाची बाटली आणि तिला खेटून कोंड्याची बरणी. म्हणजे आत सहा दिवस एक बाई गाळणी धरून सूप गाळत होती आणि बाहेर दुसरी त्यावर चोथा पेरत होती! मी ताट ओढून घेतलं. पण ते ओढायला मी एक आठवडा उशिरा आले होते.

धाकटीनं चमचा उचललाच नव्हता. तोंड कागदासारखं. म्हणाली, "ताई, आज जेवण नको वाटतंय गं." मग पोटावर हात. मग तोंडावर. मी माझी ओंजळ पुढे केली, दुसरं काही हाताशी नव्हतं. हिरवं पाणी. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं — बारा वीस.

दीड वाजता रुग्णालयात. पोट ढोलासारखं ताठ.

कुणाला तरी हे भरावं लागेल. सोडणार नाही.


मंगळवार, ५ मार्च

क्ष-किरण काढले. आतडं अडलं आहे. नाकातून नळी, हाताला सलाईन, तोंडानं पाण्याचा थेंबही नाही. ओठ कापसानं ओले करते. सर्जन जानेवारीतलाच. तरुण आहे, पण वाक्य पूर्ण करतो, एवढं त्याच्या बाजूनं.

"काय खाल्लं होतं?"

"सहा दिवस रोज दोन वेळा एक चमचा कोंडा. पाणी नेहमीसारखं — म्हणजे जवळजवळ नाहीच."

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "अठ्ठेचाळीस तास वाट बघू. सुटलं तर सुटलं. नाही सुटलं तर पोट उघडावं लागेल. पण यांचं हृदय..." हे एक वाक्य मात्र त्यानं पूर्ण केलं नाही.

तेव्हा सगळं आता एका गोष्टीवर येऊन ठेपलंय — वारा सरतो की नाही. एकाहत्तर वर्षांची मी, एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाचा आहार विभाग सांभाळलेली, फ्रेंच व्याकरणात पहिली आलेली. आणि बहिणीच्या पलंगापाशी बसून कान लावून कशाची वाट बघतेय! नर्स दर दोन तासांनी विचारते, "सरला का?" मी मान हलवते. शेजारच्या पलंगावरच्या बाईंचे नातेवाईकसुद्धा आता विचारायला लागलेत.

भाच्याला फोन केला. तो लांब असतो, विमानाचं बघतोय. "मावशी, आई त्यांच्या ताब्यात होती. त्यांना सोडायचं नाही," म्हणाला. मी म्हटलं, "सोडायचा प्रश्नच नाही."


मंगळवार, संध्याकाळ

नाही सरला.


बुधवार, ६ मार्च

सकाळी नळीतून पाऊण लिटर निघालं. अजून हिरवंच. भाच्याची एक मैत्रीण दोन तास बसायला आली, म्हणून वृद्धनिवासात जाऊन आले. चपलाही बदलल्या नाहीत.

आहारतज्ज्ञ म्हणून त्यांनी एक मुलगी ठेवली आहे. पंचविशीची. मी तिचं नाव कोंडाबाई ठेवलंय. टेबलावर वजनकाटा, भिंतीवर तक्ता — चव्वेचाळीस माणसं, रोज कोण कितीदा गेलं त्याच्या खुणा. एवढा बारीक हिशेब मीसुद्धा कधी ठेवला नव्हता.

"मॅडम, मला खूप वाईट वाटतंय. पण फायबरनं असं होत नाही हो."

"मग कशानं झालं? माझ्या येण्यानं?"

"दिवसाला तीस ग्रॅम हवं. इथे सगळे जेमतेम बारावर होते. सगळे रेचकाच्या गोळ्यांवर. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना खायलाच नव्हतं काही."

"आणि पाणी?"

"पाणी... पितात ना ते."

"पीत नाहीत! म्हातारं माणूस पाणी मोजून पितं. परत परत उठावं लागतं, गुडघे दुखतात, हाक मारायची लाज वाटते. कोरड्या नळीत कोंडा घालायचा आणि वर पाणी नाही, तर त्याचा गिलावा होतो, बाई, गिलावा! आणि बारावरून तीसवर एका मंगळवारात? शिडी माहीत आहे? तिला पायऱ्या असतात."

तिनं हळूच तक्त्यावर बोट ठेवलं. "चव्वेचाळीसपैकी एकतीस जणांच्या गोळ्या बंद झाल्या, मॅडम. एका आठवड्यात."

हे खोटं नव्हतं. मला खुणा वाचता येतात. आणि राग यायचा तो त्याचाच आला — की ती मूर्ख नव्हती. मूर्ख माणसावर ओरडणं सोपं असतं. चोथ्यानं बहुतेकांचं भलं होतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. आवळलेल्या आतड्याला तोच चोथा बूच होतो. काहींना नुसता वारा धरतो. मोठ्या आतड्याला फुगे येतात त्या दुखण्यात एके काळी बिया बंद करायचे, पुढे त्याच डॉक्टरांनी त्या परत चालू केल्या. शास्त्र असं चालतं — चाचपडत. बरणी चाचपडत नाही. बरणी सगळ्यांना.

पोस्टमास्तर व्हरांड्यात भेटले. टोपी काढून म्हणाले, "बाईंचं कसं आहे?" सांगितलं. ते म्हणाले, "माझं टपाल आता रोज सात चाळीसला निघतं हो, पूर्वी आठवड्याला दोन खेपा. पण वारा असा की खोलीतला सोबती दुसरीकडे बदली मागतोय." मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. "त्या नको म्हणत नव्हत्या, बाई. उलट स्वतःच चमचा पुढे करायच्या. मी एकदा म्हटलंसुद्धा, तुमचं कार्ड पांढरं ना? तर नुसत्या हसल्या."

धाकटी नेहमीच अशी. कुणी वाढलं की नाही म्हणायचं नाही. लहानपणी दुसऱ्यांचा वाटाही मुकाट गिळायची.

संचालकांना भेटले. सुगंधी गृहस्थ. दारापर्यंत उठून आले. "आमच्या संस्थेचा दोष नाही, ही मुलगी नवी आहे. आपण लेखी द्या, मी तिच्यावर कारवाई करतो. तिच्या व्यावसायिक परिषदेलाही कळवतो. परत कुठे काम मिळणार नाही."

मी तिथेच बसून लिहून दिलं. दीड पान. अक्षर एकदाही थरथरलं नाही.

मुलगी दाराबाहेर उभी होती. म्हणाली, "मॅडम, मी मनानं नाही केलं. मार्गदर्शक पत्रक आहे. मी आणून दाखवते."

"दाखवा तर," म्हटलं. उंटावरचे शहाणे पत्रकं फार लिहितात.


बुधवार, संध्याकाळ

नाही.

पोट आणखी एक सेंटिमीटर वाढलं. नर्स फीत घेऊन मोजते.


गुरुवार, ७ मार्च

सकाळी सर्जन — "उद्या आठ वाजता उघडतो. थांबणं आता ऑपरेशनपेक्षा धोक्याचं." संमतीपत्रावर सही केली. नातं : बहीण. धोके वाचून दाखवायला लागला, तेव्हा म्हटलं, द्या इकडे, मला वाचता येतं. वाचलं. चौथ्या ओळीपर्यंत.

धाकटीनं नळीमुळे घोगऱ्या आवाजात विचारलं, "ताई, खूप चिरतील?" मी म्हटलं, "तुझ्या पोटावर आधीचाच रस्ता आहे, त्यावरूनच जातील." ती हसली. हसल्यावर दुखलं.

दुपारी तीन वाजता कोंडाबाई आली. रुग्णालयाच्या जिन्यापाशी उभी, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. प्रतीची प्रत, तिची प्रत, अक्षरं पुसट. "हे बघा मॅडम. आमच्या कॉलेजच्या मॅडमनी दिलं, त्यांना त्यांच्या मॅडमनी. मी छापून सगळ्यांना एकेक वाटलंसुद्धा. मी कार्डं पाहिली होती, शपथ! पण यात असं लिहिलंय, म्हणून मला वाटलं, कार्ड अन्नासाठी आहे. कोंडा मी अन्नात धरलाच नाही."

चष्मा लावला. वाचलं.

"कोंडा हे औषध नव्हे, सवय आहे. मिठासारखा तो टेबलावर असावा. दर जेवणाला एक चमचा — लहानथोर, आजारी-निरोगी, कुणालाही अपाय नाही."

खाली नाव नाही. नुसतं "आहार विभाग". रुग्णालयाचं नाव प्रती काढता काढता कुठेतरी कापलं गेलंय.

"कुणी लिहिलंय माहीत नाही," ती म्हणाली. "पण फार जुनं आणि फार चांगलं आहे."

मी म्हटलं, "बसा." एवढंच. ती बसली की मी, आठवत नाही.

पत्रक माझं आहे.

लिहिलं. आता लिहिलं ते पुसायचं नाही. "लहानथोर" हा शब्द मी मुद्दाम घातला होता, कानाला बरा लागतो म्हणून.

पस्तीस वर्षं झाली. तेव्हाचे मोठे सर्जन पोटाच्या प्रत्येक रोग्याला पांढरा गिळगिळीत लगदा द्यायचे, मग तो हर्नियाचा असो नाहीतर मुतखड्याचा. रोगी आठ आठ दिवस कुंथत पडायचे. मी एकटी भांडले. "बाई, तुम्ही स्वयंपाकघर बघा," म्हणाले ते. मी स्वयंपाकघरच बघितलं! पिठाच्या गिरणीतून चाळणीवरचा कोंडा मागवला, दोन वॉर्डांत दिला, बरोबर तीन पेले पाणी, आणि दोन महिन्यांत एनिमाची भांडी धूळ खायला लागली. शेवटी मोठ्या सर्जननी स्वतःच्या आईसाठी पुडी मागून नेली. कोंड्याचा मांडा केला, असं मेट्रननं निरोपाच्या भाषणात म्हटलं माझ्याबद्दल. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

ते पत्रक त्या विजयात लिहिलं. आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे. पहिल्या मसुद्यात आणखी दोन ओळी होत्या : "सोबत भरपूर पाणी प्यावे. आतड्याचे ऑपरेशन झालेल्यांनी किंवा आतडे आवळलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये." त्या मी स्वतः खोडल्या. जागा नव्हती असं नाही. जागा होती. माझ्या सहायक बाईनं विचारलं होतं, "अहो, हे राहू द्या ना?" मी म्हटलं — शब्द अजून कानात आहेत — "अपवाद लिहिला की लोक नियम सोडतात. प्रत्येकाला वाटतं, आपणच तो अपवाद."

एका पेन्सिलीच्या रेघेनं खोडल्या. काय रुबाब होता रेघेत!

तेव्हा धाकटीचं पोट धडधाकट होतं. अपवाद म्हणजे कोण ते मला दिसत नव्हतं.

मुलीला काही सांगितलं नाही. पत्रक परत दिलं. ती जाताना म्हणाली, "उद्या मी प्रार्थना करीन." मी "हं" म्हटलं.


शुक्रवार, ८ मार्च

आठ ते अकरा पन्नास. लाकडी बाक, समोर लिफ्ट. लिफ्ट एकशे सहा वेळा उघडली.

भाच्याचा फोन, दोनदा. "मावशी, मी वकिलाशी बोललो. त्या बाईनं कशाच्या आधारावर दिलं, तो कागद मिळव. कागद मिळाला की केस पक्की."

कागद मी पाहिलाय, असं म्हणायला तोंड उघडलं. "बघते" असं बाहेर पडलं. माझ्या तोंडातून आजवर "बघते" हा शब्द निघालेला नाही. तो मी संचालकांसारख्या माणसांचा समजत होते.

सर्जन बाहेर आला. टोपीखाली घामाची रेघ. वीतभर आतडं काढलं. जोडाच्या अलीकडे गच्च गोळा बसला होता, ओल्या भुशासारखा. आतडं काळं पडायच्या आत गाठलं. हृदयानं एकदा घाबरवलं, मग सावरलं. पुढचे तीन दिवस महत्त्वाचे.

मी विचारलं, "कोंड्याचीच चूक ना?"

तो म्हणाला, "कोंड्याची कसली? मी स्वतः रोज खातो. बोगद्यात मावत नाही तो ट्रक घातला, तर ट्रक वाईट नसतो. पाटी कुणी लावली नव्हती, ते बघायचं."

पाटी होती. मी काढली होती.

हेही त्याला सांगितलं नाही.


शनिवार, ९ मार्च

डोळे उघडले. मला ओळखलं नाही.


रविवार, १० मार्च

ताप. शंभर पॉइंट आठ. जोड गळतोय का, याची धास्ती. सर्जन रविवार असून दोनदा आला.

संचालकांचा फोन. आवाजाला तोच सुगंध. "आपल्या तक्रारीप्रमाणे मुलीचं स्पष्टीकरण घेतलं आहे. ती म्हणते, कुठलंसं जुनं पत्रक वाचून केलं. बिननावाचं पत्रक, त्याला काय अर्थ! बुधवारी तिला काढतो. परिषदेला जायच्या कागदावर आपली एक सही हवी. एवढी सही केलीत की आपल्याला न्याय मिळाला."

चोर सोडून संन्याशाला सुळी — आणि चोरानंच खाली सही करायची!

"बघते," म्हटलं. परत.

दुपारी घरी येऊन आंघोळ केली. आरशासमोर उभी राहिले आणि माझी मलाच चीड आली. कालपर्यंत जी जीभ सगळ्या जगाला धारेवर धरत होती, ती आता टाळूला चिकटून बसलीय. दुसऱ्याच्या चुकीला मी दीड पान देते, स्वतःच्या चुकीला एक "बघते". मदर म्हणायच्या, चूक कबूल करायची ती जेवायच्या आधी. जेवणानंतर माणसाला कारणं सुचतात. मला सुचतच आहेत. पस्तीस वर्षं जुनं. त्या पत्रकानं हजारोंचं भलं केलं. मुलीनं सर्जनचा कागद पाहायला हवा होता. मी तर निवृत्त. सगळी कारणं खरी आहेत. म्हणूनच ती वाईट.

आणि एक भीती, ती स्पष्ट लिहिते. मला सन्मान गेल्याचं भय नाही, कुणाला माझं नावही आठवत नाही. भय धाकटीचं. ती वाचली, आणि तिला कळलं, तर?

जेवले नाही.


सोमवार, ११ मार्च

ताप उतरला. पहाटे चारला वारा सरला! नर्सनं मला आल्या आल्या सांगितलं, जणू नातवंड झालं. शेजारच्या पलंगाकडच्यांनी हात जोडले.

दहा वाजता नळी काढली. धाकटीनं पाण्याचा एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि कितीतरी वेळ गिळलाच नाही.

मग तिच्याशी बोलले. जसं झालं तसं लिहून ठेवते.

"धाकटे, तुला एक सांगायचंय. ते कोंड्याचं पत्रक..."

"तुझंच आहे ना?"

मी पेला खाली ठेवला.

"अगं, मलाही एक दिलं होतं त्या मुलीनं. माझ्या कपाटात आहे. नाव नसलं म्हणून काय झालं? तू छापून आणलंस तेव्हा मला आणि ह्यांना समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं होतंस. दोनदा! ह्यांना तिसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं, म्हणून ते विडी आणायला गेले." हसली. "लहानथोर, आजारी-निरोगी. मला पाठ आहे."

"मग घेतलंस कशाला? सर्जननं नको म्हटलं होतं ना! लेखी!"

"सर्जन परवाचा मुलगा गं. तू माझी ताई. तूच लिहिलं होतंस ना, कुणालाही अपाय नाही म्हणून."

सलाईनचे थेंब मोजत बसले. सतरा मोजले.

"आणि दुखायला लागल्यावर? सहा दिवस दुखत असणार. मला एक फोन केला असतास."

"केला असता. पण मग तुझं चुकलं असं झालं असतं. आणि तू ओरडली असतीस." पुन्हा घोटभर पाणी. "त्या मुलीवर नको हं ओरडू. ती रोज माझी नखं कापून द्यायची."

"तू मला काही बोल ना," म्हटलं मी. "एकदा तरी बोल."

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "मला पुन्हा तो बटाटा नको, ताई. पांढरा रंग बघवत नाही आता."

एवढंच बोलली. आणि झोपली.

मी व्हरांड्यात गेले. रडणं सगळ्यात शेवटी, ते उरकून घेतलं. मग भाच्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं — पत्रक, खोडलेल्या ओळी, पेन्सील. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मावशी, हे तू मला सांगायलाच हवं होतं का?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मग मी आता केस कुणावर करू?" मी म्हटलं, "तो तुझा प्रश्न. माझं उत्तर तुला मिळालं आहे." त्यानं फोन ठेवला. परत केला नाही अजून.


मंगळवार, १२ मार्च. सकाळी ९ वाजता, नाश्त्याआधी.

संचालकांना हातपोच दिलेल्या पत्राची नक्कल —

"माझी ६ मार्चची तक्रार मी मागे घेत नाही. तीत आरोपीचं नाव चुकलं आहे, ते दुरुस्त करते. आपल्या आहारतज्ज्ञ मुलीनं ज्या पत्रकावर विश्वास ठेवला, ते मी लिहिलं आहे. त्यातल्या सावधगिरीच्या दोन ओळी मी जाणूनबुजून खोडल्या. त्या ओळी सोबत जोडल्या आहेत, खाली माझी सही आणि पूर्ण नाव आहे. परिषदेला कळवायचं असेल, तर हे नाव कळवा.

बरण्या आजच टेबलावरून उचला; त्या स्वयंपाकघरात, कार्डांच्या ताब्यात द्या. वाटलेली सगळी पत्रकं परत गोळा करून माझ्याकडे पाठवा, माझ्या बहिणीच्या कपाटातलं सोडून. मुलीला कामावरून काढू नये. पत्रक नव्यानं लिहायला मला तिची गरज आहे.

यातलं काय केलं, काय केलं नाही, याचं लेखी उत्तर गुरुवार, १४ मार्च, सकाळी अकराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. 'बघतो' हे उत्तर धरलं जाणार नाही."